सातबाऱ्यावर नसलेली पाखाडी

वाचकाचं पत्र

मावशी, मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आईसोबत राहते. वय २८. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कामाला आहे. वडील नाहीत, भाऊ नालासोपाऱ्याला असतो. वाडी सगळी भावकीची. गेल्या वर्षी वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळानं वर्गणी काढून वाडीच्या तोंडाशी आणि पालखी बसते त्या सहाणेजवळ कॅमेरे बसवले. मध्यंतरी एका रात्री माझी शेवटची एसटी चुकली, तेव्हा ओळखीच्या एकानं मोटारसायकलवरून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी ती क्लिप मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. रविवारी बैठक बसली. थोरल्या काकांनी सगळ्यांदेखत मोबाइल मागितला, मी दिला नाही. आता निरोप आलाय की शिमग्याच्या आत मोबाइल दाखव, नाहीतर पालखी तुमच्या खळ्यात (अंगणात) येणार नाही. मी म्हटलं, हे माझं खासगी आहे, घटनेनं मला हक्क दिलाय. काका म्हणाले, "घटनेत तो शब्द दाखव, तुझ्या पाया पडतो." वाचनालयातून पुस्तक आणलं, मूलभूत हक्कांचा भाग दोनदा वाचला. शब्द कुठेच नाही. काका खरं बोलतायत का? अमेरिकेत कोर्टानं असाच एक न लिहिलेला हक्क काढून घेतला, असंही ऐकलं. आई रोज म्हणते, लपवण्यासारखं काही नाही ना, मग दाखव आणि मोकळी हो. मी काय करू?

– एक वाचक

उत्तर

बाय, आधी सरळ सांगते. मोबाइल देऊ नकोस. काकांना नाही, बैठकीला नाही, "फक्त मी एकटा बघतो, कुणाला सांगत नाही" म्हणणाऱ्या एखाद्या भल्या माणसालाही नाही.

तुला घरी सोडणारा कोण, हे तू लिहिलं नाहीस. बरं केलंस. मला ते विचारायचं नाही, कारण माझं उत्तर त्यावर अवलंबून नाही. तो कामावरचा सहकारी असो, मित्र असो, नाहीतर उद्या ज्याच्याशी लग्न करायचं मनात आहे तो असो. तू २८ वर्षांची आहेस.

आता काकांचं म्हणणं. शब्दापुरते ते खरे आहेत. मूलभूत हक्कांच्या भागात 'खासगीपणा' हा शब्द नाही, तू दोनदा वाचूनही सापडला नाही तो म्हणूनच. पण काकांनी तुला विचारलेला हाच प्रश्न खुद्द भारत सरकारनं सुप्रीम कोर्टात विचारला होता. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारच्या विरोधात याचिका केली. २०१५ मध्ये सरकारच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की खासगीपणाचा मूलभूत हक्क घटनेत नाहीच. त्यांच्या हातात दोन जुने निकालही होते. एक १९५४ चा, आठ न्यायाधीशांचा. दुसरा १९६२ चा, सहा न्यायाधीशांचा.

हा दुसरा निकाल तू समजून घे. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा संशय होता. पुरावा मिळाला नाही म्हणून त्याला सोडलं, पण पोलिसांनी त्याच्या नावाची फाइल उघडून ठेवली. रात्री-अपरात्री शिपाई यायचे, दार ठोठवायचे, त्याला झोपेतून उठवायचे, घरात आहे की नाही पाहून जायचे. कोर्टानं या रात्रीच्या फेऱ्या रद्द केल्या, पण त्याच निकालात खासगीपणाचा हक्क घटनेनं दिलेला नाही असंही लिहिलं. न्या. सुब्बा राव यांना ते पटलं नाही. आपल्या वेगळ्या निकालपत्रात त्यांनी म्हटलं की हा शब्द लिहिलेला नसला, तरी तो व्यक्तिगत स्वातंत्र्याचाच भाग आहे. ते अल्पमतात राहिले. त्यांचं म्हणणं बरोबर ठरायला ५५ वर्षं लागली.

आठ न्यायाधीशांचा निकाल मोडायचा तर त्याहून मोठं पीठ हवं, म्हणून नऊ न्यायाधीश बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी निकाल दिला. निकालपत्रं सहा, पण निष्कर्षावर नऊही जण एकमत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अनुच्छेद २१ मधल्या 'जीवित' आणि 'व्यक्तिगत स्वातंत्र्य' या शब्दांच्या आतच आहे, आणि घटनेच्या तिसऱ्या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या भागातल्या बाकीच्या स्वातंत्र्यांतही तो मुरलेला आहे. १९५४ आणि १९६२ च्या निकालांतला उलटा भाग त्यांनी रद्द केला. काकांना शब्द बघायचा असेल तर अनुच्छेद २१ दाखव.

पण "आतच आहे" म्हणजे काय, हे घरच्या भाषेत कळायला हवं. नाहीतर आम्ही वकील काहीही कशातूनही काढून दाखवतो, असं वाटेल. तुझ्या घरापासून विहिरीवर उतरणारी पाखाडी, ती पायऱ्यांची वाट, असेलच. ती दुसऱ्या कुणाच्या तरी आंब्याकाजूतून जात असेल. त्या जमिनीचा सातबारा काढ. बहुतेक वेळा पाखाडीची त्यावर नोंद नसते. म्हणून उद्या कुणी कवाडी घालून तुमचं पाणी अडवू शकतो का? नाही. वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि अडथळ्याशिवाय वापरलेल्या वाटेला कायदा वहिवाट मानतो. शिवाय सातबाऱ्यावरच 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. ज्यानं तो नमुना आखला त्याला ठाऊक होतं की जमिनीवरचे सगळे हक्क मालकाच्या नावात मावत नाहीत.

वहिवाटीचे दावे मी इतकी वर्षं चालवत आले, म्हणून ही उपमा मला जवळची. पण ती एका ठिकाणी तोकडी पडते, आणि तुझ्या बाबतीत नेमकं ते ठिकाण महत्त्वाचं आहे. वहिवाट गावकीच्या बाजूनंही बोलते. "आपल्यात असंच चालत आलंय" हीसुद्धा वहिवाटच. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट तुला माहीत आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं ते पाणी प्यायली. पुढे जो दावा लढला गेला त्यात विरोध करणाऱ्यांनी रूढीच पुढे केली होती, की पूर्वापार तिथं अस्पृश्यांना पाणी भरू दिलेलं नाही. मुंबई हायकोर्टानं मार्च १९३७ मध्ये ते मान्य केलं नाही. म्हणून तुझा हक्क नुसता चालत आलेल्या रीतीवर उभा करू नये. तो घटनेच्या उद्देशिकेतल्या 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या दोन शब्दांवर उभा आहे. मी आहे, माझं मन आहे, त्यात कुणाला येऊ द्यायचं ते मी ठरवीन. एवढंच ते.

काकांनी त्यांच्या तरुणपणी ज्या हक्कांचा उपयोग केला असेल, त्यांतलेही कितीतरी घटनेत शब्दानं नाहीत. 'वृत्तपत्र स्वातंत्र्य' घटनेत शोध. सापडणार नाही. आपल्या देवगडातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढला त्या मराठी मुलखालाही लागू असलेल्या घटनेच्या मूलभूत हक्कांत वृत्तपत्राचं नाव नाही! संविधान सभेत कुणी हे विचारलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की संपादक हासुद्धा नागरिकच आहे, त्याचं भाषणस्वातंत्र्य तेच वृत्तपत्राचं. उपजीविकेचा हक्क १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात अनुच्छेद २१ मधूनच आला. शिक्षणाचा हक्क आधी कोर्टानं त्याच अनुच्छेदात वाचला, मग २००२ मध्ये घटनादुरुस्ती होऊन त्याला स्वतःचं २१-क हे कलम मिळालं. नाव मागाहून लागलं.

आणखी एक गोष्ट मला तुला सांगायचीच आहे, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या माणसाची आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा लिहिला. त्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती होता कामा नये, असं कलम होतं. क. मा. मुन्शींच्या मसुद्यातही घर आणि पत्रव्यवहार यांच्या गुप्ततेचं कलम होतं. ते शेवटच्या घटनेत आलं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एका सदस्यानं झडतीबद्दलची दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली, तरी ती पडली. सरकारी वकिलांनी पुढे याच गोष्टीचा आधार घेतला: घटनाकारांनी मुद्दाम वगळलं, मग तुम्ही कसं घालता? नऊ न्यायाधीशांचं उत्तर असं की वगळलं गेलं ते झडतीचं एक विशिष्ट कलम, माणसाचा सगळा खासगीपणा नव्हे. मला हे उत्तर पटतं. घर, कागदपत्रं, चीजवस्तू. आज या तिन्ही गोष्टी तुझ्या हातातल्या एका मोबाइलात आहेत.

अमेरिकेबद्दल तू ऐकलंस ते खरं आहे. त्यांच्या घटनेला १७९१ मध्ये जोडलेली नववी दुरुस्ती म्हणते की काही हक्क इथं मोजून दिले, म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारले असं समजू नये. आपल्या सातबाऱ्यातला 'इतर अधिकार'चा रकानाच म्हण. कनेक्टिकट राज्यात १८७९ चा एक कायदा होता, त्यानुसार नवराबायकोनंसुद्धा संततिनियमनाची साधनं वापरणं गुन्हा होता. १९६५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. न्या. डग्लस म्हणाले की लिहिलेल्या हक्कांच्या भोवती त्यांची छाया असते, त्या छायेत खासगीपणा येतो. न्या. गोल्डबर्ग यांनी नवव्या दुरुस्तीवर बोट ठेवलं. त्याच वाटेनं १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क आला, आणि २४ जून २०२२ रोजी तो गेला. बहुमताचं म्हणणं, हा हक्क घटनेत लिहिलेला नाही आणि देशाच्या इतिहासात-परंपरेत खोल रुजलेलाही नाही. एका न्यायाधीशानं तर १९६५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं. पन्नास वर्षं हातात असलेली गोष्ट अशी जाऊ शकते, याची मला काळजी वाटते. आपल्याकडे नऊ न्यायाधीशांचं एकमत मोडायला त्याहून मोठं पीठ बसावं लागेल, तेव्हा आज तरी तुझ्या पायाखालची जमीन पक्की आहे. पण "परंपरेत नव्हता, म्हणून हक्क नाही" हे वाक्य तुझ्या ओळखीचं वाटलं ना? बैठकीतही तेच बोललं गेलं असणार.

आता तुझी आई. तिच्यावर चिडू नकोस. ती वाडीत चाळीस वर्षं राहिली आहे, एकटं पडणं म्हणजे काय हे तुझ्या-माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. तिच्या "लपवण्यासारखं काही नाही ना" या वाक्यासाठी मी तुला माझ्या आईची गोष्ट सांगते. ती तिला सांग.

माझे वडील गिरणीत होते. महिन्याला मनिऑर्डर यायची, आणि तिच्यासोबत दोन ओळी. आई शिकलेली नव्हती. वडिलांचं पत्र शाळेचे गुरुजी ओट्यावर बसून वाचायचे, शेजारच्या दोघीतिघी ऐकायला असायच्या. उत्तरही गुरुजीच लिहायचे, आई सांगेल तसं. "आम्ही सर्व खुशाल आहोत. गाय व्याली. कौलं परतायला झालीत. मुलं अभ्यास करतात." आईकडे लपवण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं. गुरुजीही देवमाणूस, त्यांच्या तोंडून कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पण सोळा-सतरा वर्षांत आईनं नवऱ्याला एकदाही लिहिलं नाही की तुमची आठवण येते. कसं लिहिणार? ते वाक्य आधी ओट्यावर मोठ्यानं बोलावं लागलं असतं. मी चौथीत गेले आणि मला नीट लिहिता यायला लागलं, तेव्हा एका रात्री माजघरात दिव्यापाशी तिनं मला बसवलं, आणि मग मलाही सांगायला लाजली. तो कागद कोराच राहिला.

लपवायचं काही नसलं, तरी माणसाला आपलं असं काहीतरी असावं लागतं. कुणी बघणार आहे हे माहीत असलं की माणूस आधीच गप्प होतो. तू मोबाइल एकदा दाखवलास, तर नंतर त्यात मैत्रिणीला एक ओळ लिहितानाही तुला वाटेल की ही ओळ बैठकीत वाचली गेली तर? आणि दुसरी गोष्ट, त्या मोबाइलात तू एकटी नाहीस. तुझ्या मैत्रिणीनं तिच्या सासरबद्दल लिहिलेलं त्यात असेल, भावानं पैशांच्या अडचणीबद्दल लिहिलेलं असेल, पतसंस्थेतल्या कुणाच्या खात्याचा निरोप असेल. ते दाखवायचा अधिकार तुलाही नाही.

आता कायद्याचं काम. इथं मी तुला खोटा धीर देणार नाही. मूलभूत हक्क हे मुख्यतः सरकारविरुद्धचे असतात. पोलिसांना तुझ्या मोबाइलात डोकवायचं असेल तर त्यामागे कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि कारणापुरतंच पाऊल हवं. ही कसोटी २०१७ च्याच निकालातली. गावकी सरकार नव्हे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं बहुमतानं म्हटलं की अनुच्छेद १९ आणि २१ चे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. पण त्यासाठी तू थेट हायकोर्टात जावंस असं मी सांगणार नाही. तुझ्या हाताशी त्याहून जवळचं हत्यार आहे.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळानं २०१६ मध्ये केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तो का करावा लागला हे आपल्या कोकणाला सांगायला नको, वाळीत टाकल्याच्या किती तक्रारी रायगडातूनच आल्या होत्या. समाजातल्या कुणाला धार्मिक किंवा सामाजिक रीत पाळण्यापासून, समारंभात किंवा मिरवणुकीत भाग घेण्यापासून अडवणं हा त्यात बहिष्कारच आहे. पालखी सगळ्या वाडीत फिरते आणि तुमचंच खळं सोडून पुढे जाते, तेही मोबाइल दाखवला नाही म्हणून, तर माझ्या मते हे त्यात बसतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार तू करू शकतेस, तुझी आई किंवा भाऊही करू शकतो, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

पण तक्रार आधी नको. आधी एक कागद. गावकीच्या नावानं, तारीख घालून, तुझ्या आणि भावाच्या सहीनं, स्पीड पोस्टानं. भाषा नरम ठेव: आम्ही वाडीचेच आहोत, देव सगळ्यांचा आहे, दरवर्षीप्रमाणे पालखीची ओटी भरायला आम्ही खळ्यात उभ्या असू. माझा मोबाइल मी दाखवणार नाही. पालखी अडवल्यास २०१६ च्या कायद्यानुसार तक्रार करावी लागेल, ती वेळ येऊ नये ही विनंती. यापलीकडे एक अक्षर नको. मोटारसायकलबद्दल, त्या रात्रीबद्दल खुलासा तर मुळीच नको. खुलासा दिला की तो तपासायचा अधिकार आपणच देऊन बसतो.

क्लिपचा पुरावा भावाच्या मोबाइलवर ठेव, तोही त्या ग्रुपमध्ये असेल. कुणी टाकली, किती वाजता टाकली, खाली कोण काय बोललं हे सगळं. तो मेसेज पुसू देऊ नकोस, मोबाइल बदलू देऊ नकोस. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ मोबाइल असला की ते सोपं जातं. तुझाच मोबाइल वापरलास तर तपासासाठी तो हातातून द्यावा लागू शकतो, आणि ज्यासाठी भांडलीस तेच जाईल. कॅमेऱ्यांबद्दल म्हणशील तर वाटेवर चोरीसाठी कॅमेरा असणं वेगळं आणि एका मुलीच्या येण्याजाण्याची क्लिप ग्रुपवर फिरवणं वेगळं. कॅमेऱ्याचं चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, बाहेर कोण देणार, हे ठरवा अशी मागणी भावानं मुंबईच्या सभेत करावी. वर्गणी त्यानंही दिली आहे. आणि यापुढे कुणी पुरुष तुझ्या इच्छेविरुद्ध तुझे फोन, मेसेज, इंटरनेट यांवर पाळत ठेवताना आढळला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेव.

वकिलाची फी हा प्रश्न मनात आला असेल तर तो काढून टाक. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. राजापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज कर, नाहीतर १५१०० वर फोन कर. कुणी अंगावर आलं, घराशी येऊन दमदाटी केली, तर मात्र कागदाची वाट बघायची नाही, ११२.

भावाला सुट्टी काढून शिमग्याच्या चार दिवस आधी ये म्हणून सांग. मानकऱ्यांपैकी एखादे तरी शहाणे असतील, त्यांना तो आणि आई घरी जाऊन भेटू देत, तू जाऊ नकोस. बैठकीतले सगळे काकांच्या मागे आहेत असं तुला आज वाटत असेल. माझा अनुभव असा की निम्मे नुसते गप्प असतात, आणि सहीचा कागद हातात आला की त्यांना बोलायला निमित्त मिळतं.

ओटीचं सामान नेहमीसारखं आणून ठेव. आणि शिमगा झाला की मला लिही. पालखी आली की नाही, एवढंच.